ट्रकचा पट्टा का ओरडतो?



गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड नावाचे गाव आहे. शिवरायांच्या इतिहासातला साताऱ्याकडचा प्रतापगड तो वेगळा. हा आपला झाडीपट्टीतला प्रतापगड. महाशिवरात्रीला येथे डोंगरावरच्या महादेवाची मोठी यात्रा भरते, तेथल्या दर्ग्यावरही भाविकांची रीघ असते. एरवी गाव शांत. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या आणि गोठणगावच्या बाजूला इटियाडोहचे पाणी. अशा ठिकाणी पहाटे एखादा ट्रक सुरू झाला की त्याचा आवाज साऱ्या गावाला ऐकू जातो.

आजची हकीगत अशाच एका ट्रकची आहे. गाडी जुनी, मालकच ड्रायव्हर, आणि सोबतीला पंधरा-सोळा वर्षांचा त्याचा पुतण्या. शाळेला सुट्टी असली की हा मुलगा काकाबरोबर फिरे. दिवाळीनंतर धान निघाले की खरेदी केंद्रावरून पोती उचलायची आणि राईस मिलला पोचवायची, हा त्यांचा हंगामाचा धंदा. गाडीवर कर्ज होते. वर्षाचे हप्ते या चार महिन्यांच्या खेपांवरच फिटायचे.

मी मोटार-यंत्राचे काम शिकवणारा मास्तर. नातलगांकडे त्या बाजूला गेलो असताना हे ड्रायव्हरभाऊ मला भेटायला आले. म्हणाले, "गुरुजी, हा पट्टा काही केल्या ऐकून नाही रायला. तीन बदलवले जी. आठ-पंधरा दिवस चूप राहते, मग पुन्हा बोंबलते."

तीन पट्टे, तेही एका हंगामात! शिवाय मध्यंतरी एका कारागिराने वैतागून पट्टा इतका ताणला होता की पाण्याच्या पंपाचे बेअरिंग घरघरू लागले आणि पंपही नवा घालावा लागला. आता दुसऱ्या कोणी सांगितले होते की डायनॅमोच बदला. त्याला लागणारे पैसे भाऊंकडे नव्हते. होते ते हप्त्याचे.

पुढे जाण्याआधी हा पट्टा करतो काय, ते पाहू. इंजिनाच्या तोंडाशी खाली एक चाक असते, त्याला आपण पुली म्हणतो. इंजिनाचा मुख्य दांडा तिला फिरवतो. तिच्यावरून रबरी पट्टा वर जातो, पंख्याला आणि पाण्याच्या पंपाला फिरवतो, बाजूला वळून डायनॅमो फिरवतो आणि परत खाली येतो. डायनॅमोला आता अल्टरनेटर म्हणायला हवे, कारण आतली रचना कधीच बदलली. पण रस्त्यावर सारे डायनॅमोच म्हणतात, मीही तेच म्हणेन. पट्टा तुटला की पंखा थांबतो, पाणी फिरत नाही, बॅटरी भरत नाही. ड्रायव्हरने काट्याकडे लक्ष दिले नाही तर काही मिनिटांत इंजिन तापून हेडचे गॅस्केट जाते, आणि मग खर्च शेकड्यांत राहत नाही. म्हणून पट्टा ओरडू लागला तर त्याच्याकडे कानाडोळा करू नये.

आता तो ओरडतो का? शिक्षकबंधूंनो, हे वर्गात सांगण्याजोगे आहे. सारंगीवाला गजाला राळ लावतो ते कशासाठी? गजाने तारेला धरावे, ओढावे, मग सोडावे, पुन्हा धरावे, यासाठी. सेकंदाला शेकडो वेळा ही धर-सोड होते आणि तार बोलू लागते. पट्ट्याचेही तसेच आहे. जोवर तो पुलीला घट्ट धरून आहे तोवर मुका असतो. निसटला तरी एकसारखा निसटत नाही. चिकटतो, सुटतो, चिकटतो, सुटतो. त्या धर-सोडीचा सूर म्हणजेच ती किंकाळी.

पट्टा धरून कसा राहतो, तेही बघण्यासारखे आहे. जुन्या ट्रकचा पट्टा कापून पाहिला तर तो पाचरीच्या आकाराचा दिसेल, वर रुंद आणि खाली निमुळता. पुलीची खाचही तशीच. लाकूड फोडताना पाचर जशी दोन्ही अंगांना दाबते, तसा पट्टा खाचेच्या दोन भिंतींना दाबतो. खाचेच्या कोनाचे गणित केले तर सपाट पट्ट्यापेक्षा ही पकड सुमारे तिप्पट भरते. पण यात एक अट आहे. पट्ट्याने भिंतींवरच टेकले पाहिजे, तळाला लागता कामा नये. खाच झिजून पट्टा तळाला बसला की पाचर संपली आणि पकडही गेली. म्हणून नवा पट्टा घालण्याआधी पुलीच्या खाचेत डोकावून पाहा. तळ आरशासारखा चमकत असेल तर पुली गेली असे समजा. तिच्यावर कितीही पट्टे बदलले तरी ते ओरडणारच.

दुसरे असे की पट्टा पुलीला जितका जास्त वेढेल तितकी पकड जास्त. बिथरलेला गोऱ्हा धरताना आपण दोरी हातात धरून बसत नाही. खुंटाला एक वेढा मारतो आणि एका हाताने तो आवरतो. वर्गात लाकडी खांब आणि सुतळी घेऊन हे सहज दाखवता येईल. घर्षण मध्यम असले तर अर्ध्या वेढ्याने एका किलोचे वजन दुसऱ्या बाजूच्या अडीच किलोला तोलून धरते, पूर्ण वेढ्याने साडेसहा किलोला. वजनाच्या ठिकाणी मुलांना वाळूच्या पिशव्या अडकवू द्या. हे सूत्र ऑयलर नावाच्या गणितज्ञाने अठराव्या शतकातच मांडले होते. आता ट्रककडे या. सर्वांत लहान पुली डायनॅमोची असते आणि पट्टा तिला थोडाच वेढतो. म्हणून निसटायची पाळी आली की बहुधा पहिल्यांदा तिथेच निसटतो.

आता त्या ट्रककडे वळू. मी गेलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. पौषातली थंडी, आणि या भागातली थंडी काय असते ते तुम्हांला सांगायला नको. भाऊंनी किल्ली फिरवली. इंजिन लागले आणि लागताच पट्ट्याने अशी लांब किंकाळी फोडली की ओसरीवरची कुत्री उठून गेली. पाव मिनिटाने आवाज विरला. तोवर मुलगा एका हातात मेणबत्तीचा तुकडा घेऊन चालू इंजिनाशी वाकलेला! पट्ट्याला मेण घासायचे, हा त्याचा रोजचा नेम.

मी आधी इंजिन बंद करायला लावले आणि किल्ली मागून घेऊन खिशात टाकली. श्रोतेहो, हे मी मुद्दाम सांगतो. चालू पट्ट्याजवळ बोट नेऊ नका. बोट पट्टा आणि पुली यांच्यामध्ये ओढले जायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. गळ्यातले उपरणे, मुलींची ओढणी, सदऱ्याची लोंबती बाही, हातातला दोरा, सगळ्याला पंखा सारखाच. मेण, साबण, राळ, इंजिनाचे तेल यांतले काहीही लावून पट्टा दुरुस्त होत नाही. तेलाने तो घटकाभर गप्प बसतो खरा, पण रबर फुगते, मऊ पडते आणि मग तो अधिकच निसटतो. तेल मुरलेला पट्टा पुसून भागत नाही, टाकूनच द्यावा लागतो. आणि तेल आले कुठून, ते आधी शोधावे लागते.

पुढे मी तपासणी सुरू केली. पट्ट्याच्या सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबले. अर्धा इंचभर दबावा, फार तर थोडा अधिक. हा चांगला इंचभर दबला. पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. त्यातही आश्चर्य नव्हते. ही गाडी रोज धानाच्या धुळीत उभी असते, आणि धानाच्या तुसात सिलिका, म्हणजे वाळूतलेच द्रव्य, भरपूर असते. पट्टा निसटला की ती धूळ मध्ये सापडून पॉलिशच्या कागदासारखे काम करते. मी पुल्या साबणाच्या पाण्याने धुवून पुसून घेतल्या, भाऊंजवळ पडलेला नवा पट्टा चढवला, माफक ताण दिला, बोल्ट आवळले. इंजिन सुरू केले. आवाज नाही. भाऊंनी चहा पाजला आणि मी, खरे सांगायचे तर, थोडा ऐटीतच निघालो.

नवव्या दिवशी भाऊंचा फोन आला. पट्टा पुन्हा ओरडत होता.

मी चुकलो होतो. पट्टा सैल आहे हे मी पाहिले. तो सैल का होतो, हे विचारलेच नाही. आधीच्या कारागिरांनी तेच केले होते. मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक तो काय राहिला?

दुसऱ्या खेपेला मी हात लावण्याआधी विचारायला बसलो. केव्हा ओरडतो? थंड असताना की तापल्यावर? पावसात की उन्हात? भाऊ म्हणाले, "केव्हाबी ओरडते." वैतागलेल्या माणसाचे उत्तर असेच असायचे. पण मुलगा मध्येच म्हणाला, "नाही काका. सकाळी सुरू करताना ओरडते, अन् रात्री लाईट लावले का ओरडते. दिवसा चूप राहते." काकाने त्याला गप्प केले. मी म्हटले, बोलू द्या त्याला.

त्याचे म्हणणे तंतोतंत बरोबर होते. सकाळी स्टार्टर बॅटरीतली वीज ओढतो, ती भरून काढायला डायनॅमोवर एकदम बोजा पडतो. रात्री दिव्यांचा बोजा पडतो. आणि या गाडीला दिवे थोडे का होते! मूळचे दोन, प्रत्येकी सत्तर वॅटचे. वर आणखी चार, जंगलातल्या वळणांसाठी. शिवाय टपावर रंगीत दिव्यांची माळ. सारे मिळून चारशे वॅटच्या घरात जात होते. डायनॅमोत पुष्कळ शक्ती वाया जाते, तेव्हा इंजिनाकडून सातशे वॅट तरी घ्यावे लागतात. म्हणजे जवळजवळ एक अश्वशक्ती त्या बोटभर रुंदीच्या पट्ट्यातून जात होती. माळ काढा, असे मी सांगितले. भाऊंना ते फारसे रुचले नाही. पण तेवढ्याने नऊ दिवसांत पट्टा सैल होण्याचा उलगडा होत नव्हता.

मग पाण्याची परीक्षा केली. ही कोणालाही करता येते, फक्त लांबून. औषध फवारायची लहान बाटली घ्यावी, पंख्यापासून दूर उभे राहून पट्ट्याच्या आतल्या अंगावर थोडे साधे पाणी उडवावे आणि कान द्यावा. किंकाळी वाढली तर पट्टा सैल आहे, पकड अपुरी आहे. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका ओळीत नाहीत, पट्टा तिरपा धावतो आहे. तिरपेपणाचा आवाज मुळात निराळा असतो. तो लांब किंचाळत नाही, पाखरासारखा चिक्-चिक्-चिक् करतो, आणि इंजिनाचा वेग वाढवला की चिकचिक भरभर होते. आमच्या ट्रकने दोन्ही उत्तरे दिली. दिवे लावून पाणी उडवले तर किंकाळी वाढली. दिवे बंद करून कान दिला तर खाली बारीक चिकचिक होती आणि ती पाण्याने थांबून परत येत होती. इतके दिवस मोठ्या आवाजाखाली ती झाकली गेली होती.

इंजिन बंद करून पुल्यांच्या तोंडांवरून सुतळी ताणून धरली. वरची आणि खालची एका रेषेत. डायनॅमोची मात्र चार-पाच मिलिमीटर तिरकी. पट्ट्याच्या एकाच अंगाला काळी रबरी भुकटी जमली होती. बोल्ट तर आवळलेले! मी पाना लावून पुन्हा पाहिले, घट्ट होते. मग हे तिरकेपण आले कुठून? मी विचारात पडलो होतो, तेवढ्यात मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, लाईट लावले का डायनॅमो मान हालवते जी."

मी इंजिन सुरू करायला सांगितले, बाजूला उभा राहिलो आणि भाऊंना म्हटले, दिवे लावा. दिवे लागले आणि डायनॅमोने खरोखरच मान तुकवली, एखाद्या म्हाताऱ्याने डुलकी घ्यावी तशी. दिवे बंद केले, मान वर. रोज मेण लावायला वाकणाऱ्या त्या पोराने हे कितीदा तरी पाहिले होते. त्याला कोणी विचारले नव्हते, इतकेच.

डायनॅमो काढला. तो खालच्या बाजूला एका लांब बोल्टवर टांगलेला असतो आणि वरच्या खाचेच्या पट्टीने ताण धरतो. वरची पट्टी ठीक होती, सगळे जण आवळत होते तीही तीच. खालचा बोल्ट मात्र झिजून मध्ये बारीक झाला होता आणि ब्रॅकेटचे भोक गोल न राहता अंड्यासारखे झाले होते. बोजा पडला की डायनॅमो त्या भोकात सरके, पट्टा सैल होई आणि तिरपाही. आणि त्या अति ताणलेल्या पट्ट्याने हे भोक आणखीच मोठे केले असणार.

यापुढची दुरुस्ती सांगायला दोन वाक्ये पुरतात. लेथवाल्याकडून भोक मोठे करून त्यात पोलादी बुश बसवून घेतली, नवा बोल्ट घातला. डायनॅमोची पुलीही खाच झिजल्यामुळे बदलली, आणि पुन्हा सुतळी धरून सगळ्या एका रेषेत आणल्या. खर्च दोन पट्ट्यांच्या किमतीहून थोडा अधिक झाला. नवा पट्टा चढवल्यावर अर्धा तास इंजिन चालवले, थंड होऊ दिले आणि पुन्हा ताण दिला, कारण नवा पट्टा पहिल्या अर्ध्या तासात खाचेत बसतो आणि थोडा सैल पडतोच. ही दुसऱ्यांदा आवळण्याची गोष्ट पुष्कळ कारागीर घाईत विसरतात.

एक शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असेल. आवाज पट्ट्याचाच आहे कशावरून, बेअरिंगचा नसेल कशावरून? बेअरिंगचा आवाज बहुधा किंचाळीचा नसतो, घरघरीचा असतो, आणि पाण्याने बदलत नाही. इंजिन बंद ठेवून पट्टा उतरवावा आणि एकेक पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर लागते का, ती आत-बाहेर हलते का, हे बोटांना समजते. पाण्याच्या पंपाखाली ओल किंवा वाळलेल्या पाण्याचा डाग दिसला तर पंप जायला आला आहे, आणि तेच पाणी पट्ट्यावर उडून आवाज करते आहे, असेही असू शकते. पट्टा काढून इंजिन क्षणभर लावले आणि आवाज नाहीसा झाला तर दोष पट्ट्याच्या वाटेवरच आहे. पण हे अर्ध्या मिनिटाहून जास्त नको, कारण तेवढा वेळ पाणी फिरत नसते.

नव्या गाड्यांचे थोडे वेगळे आहे. त्यांचा पट्टा रुंद, सपाट आणि आतून उभ्या रेघांचा असतो, आणि ताण देण्याचे काम स्प्रिंग लावलेली एक पुली आपणच करते. तेथे पाना घेऊन आवळायला काही नसते. पट्टा ओरडला तर त्या स्प्रिंगच्या पुलीकडे पाहावे; ती इंजिन चालू असताना धडधड हलत असेल तर स्प्रिंग थकली. शिवाय या पट्ट्यांचे रबर वेगळे असते. जुने पट्टे म्हातारे झाले की त्यांना आडवे तडे जात, ते डोळ्यांना दिसत. या नव्यांना बहुधा तडे जातच नाहीत; नुसत्या रेघा झिजून खोल होतात. तडा नाही म्हणजे पट्टा चांगला, असे धरून चालू नये.

महाशिवरात्रीला ती गाडी प्रतापगडच्या यात्रेत दुकानदारांचे सामान घेऊन गेली. रात्री सारे दिवे लावून, आणि हो, ती रंगीत माळही लावून. माळेच्या बाबतीत माझे काही चालले नाही. पट्टा बोलला नाही. दर रविवारी अंगठ्याने दाबून पाहायचे काम आता त्या मुलाकडे आहे. इंजिन बंद करून आणि किल्ली स्वतःच्या खिशात घालून तो ते करतो.

मध्यंतरी तो भेटला तेव्हा मी विचारले, "काय, आता शांत आहे ना गाडी?" तो म्हणाला, "पट्टा चूप आहे गुरुजी. पण तो चूप झाला म्हणून आता मागून एक कुरकुर ऐकू येऊन रायली. खाली गाडी खड्ड्यात गेली तरच येते, भरल्या गाडीत नाही येत."

या वेळी त्याने केव्हा येते आणि केव्हा येत नाही, हे आपण होऊनच सांगितले होते. ती कुरकुर मागच्या कमानीच्या पाट्यांची निघाली. तिच्याविषयी पुन्हा केव्हातरी बोलू.